दगडाचा हेवा

कापणी आटोपलेल्या मक्याच्या रानावर ऑक्टोबरचं ऊन पसरलं होतं. हळद कालवलेल्या पाण्यासारखं पातळ, पिवळं, निःशब्द ऊन. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत नुसती कापलेल्या ताटांची खुंटं, खुंटांच्या रांगांतून सरसरत जाणारा कोरडा वारा, आणि त्या सुवर्णधूसर विस्ताराला मधोमध छेदत गेलेला एक सरळ, एकाकी रस्ता.

त्या रस्त्याने एक लहानशी लाल गाडी चालली होती. गाडी ऋता चालवत होती. शेजारी तिची आई, कुमुदिनी गुप्ते, मांडीवर अमेरिकेचा नकाशा घेऊन बसली होती. एकाहत्तर वर्षांची कुमुदिनी, पुण्यातल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली कुमुदिनी. नकाशा तिच्या हातांच्या ओळखीचा होता. नकाशावरच्या पेन्सिलीच्या खुणा मात्र तिच्या नव्हत्या. त्या तिच्या नवऱ्याच्या होत्या, श्रीरंगच्या.

श्रीरंग दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायचा आणि शनिवारी संध्याकाळी कॅम्पातल्या एका हॉटेलात गिटार वाजवायचा. तेलाने लखलखणारे केस, टोकदार बूट, आणि गळ्यात ते अमेरिकेतून आलेलं, उड्या मारणारं, उनाड संगीत. रॉक अँड रोल. सदाशिव पेठेला तेव्हा तो शब्द धड उच्चारताही येत नव्हता. "लोक काशीला जातात," तो म्हणायचा, "आपण या गाणाऱ्यांच्या समाध्या बघायला जाऊ." मग नकाशा पसरायचा, पेन्सिलीला टोक काढायचा, आणि कुठे कोण जन्मला, कुठे कोण गेला, तिथे तिथे एक बारीक वर्तुळ काढायचा.

वर्तुळं राहिली. श्रीरंग गेला. सहा वर्षांपूर्वीच्या वैशाखात, दुपारच्या झोपेत, कुणालाही न उठवता. अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडल्या. पाणी क्षणभर राखाडी झालं, मग हिरवट, मग नुसतंच पाणी. त्याच्या गाण्याची एक तबकडी नव्हती, एक फीत नव्हती. गिटार भाच्याने नेली.

"बाबांची वर्तुळं आपण पुरी करू," शिकागोहून ऋताने फोनवर म्हटलं होतं. आणि म्हणून ही गाडी, हा आयोवातला रस्ता, हे परक्या आश्विनातलं ऊन.

पहिलं वर्तुळ एका आंधळ्या पियानोवाल्याच्या जन्मघराचं होतं. दोन खोल्यांचं पांढरं लाकडी घर, उंबऱ्याशी ब्राँझची पाटी. माणसं टोप्या काढून उभी राहत, पाटीवरून बोटं फिरवत, हळू आवाजात बोलत. त्या हजार बोटांनी पाटीची अक्षरं सोन्यासारखी उजळली होती.

कुमुदिनीला हेवा वाटला.

लहानसाच वाटला. पायाला खाजकुयलीची लव लागावी इतकाच. तिने तो पदराने पुसावा तसा पुसला आणि ती गाडीत येऊन बसली.

दुसरं वर्तुळ एका नृत्यगृहाचं होतं. मेपलच्या लाकडाची मधाळ, आरशासारखी जमीन. भिंतीभर तरुण, हसरे, काळेपांढरे चेहरे. कुठला गायक कुठल्या फळीवर उभा राहून गायला तेसुद्धा खडूने आखून ठेवलेलं. श्रीरंग उभा राहायचा तो चौथरा हॉटेलवाल्याने पाडला आणि तिथे चपलांचं दुकान झालं. त्या दुकानातून तिने स्वतः एकदा पावसाळी चपला घेतल्या होत्या. उभी राहून, पायात घालून, चालून बघितल्या होत्या.

लव आता पायाला नव्हती. आत उतरली होती. रात्री मोटेलच्या ताठ चादरीवर ती कूस बदलत राहिली, आणि तिच्या आत काहीतरी हळूहळू सुजत, ठणकत, लाल होत राहिलं.

तिसरं वर्तुळ सगळ्यांत गडद होतं. पेन्सिल तिथे पुन्हा पुन्हा फिरली होती. लायल हार्पर. बाविसाव्या वर्षी, एका बर्फाळ वळणावर गाडी उलटून गेलेला. श्रीरंगचं पहिलं वेड. त्याची एकुलती तबकडी श्रीरंगने इतकी वाजवली होती की शेवटी गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची.

टेकडीवरची दफनभूमी उन्हात निवांत पहुडली होती. ओकची तांबूस पानं गिरक्या घेत उतरत होती. आणि मधोमध तो दगड: गुलाबी, गुळगुळीत, नितळ. त्याच्या पायाशी फुलं, पत्रं, गिटारच्या तारांची वेटोळी, कुणा जपानी मुलीने ठेवलेली कागदी पाखरं. त्रेपन्न वर्षं होऊन गेली होती आणि फुलं सकाळची होती.

दगडाशी गुडघे टेकून एक म्हातारी बाई मऊ ब्रशने अक्षरांतली माती काढत होती. पांढरे आखूड केस, निळा स्वेटर, शेजारी पाण्याची बादली. तेवढ्यात एक प्रवासी जोडपं आलं. त्यांनी तिच्या ओल्या हातात कॅमेरा दिला, दगडाला बिलगून आपला फोटो काढून घेतला, आभार मानले आणि गेले. कुमुदिनीला वाटलं, इथली झाडलोट करणारी असेल.

"दुरून आलात?" बाईने विचारलं.

"भारतातून," कुमुदिनी म्हणाली. तिचं इंग्रजी शाळेतल्यासारखं होतं, सावकाश आणि इस्त्री केलेलं. "माझ्या यजमानांना हे गायक फार आवडायचे."

"मलाही," बाई हसली. "मी डोरीन. त्याची बायको होते. चौदा महिने."

चौदा महिने. आणि कुमुदिनीची बेचाळीस वर्षं. चौदा महिन्यांच्या वाट्याला हा गुलाबी दगड, ही ताजी फुलं, ही सातासमुद्रापारची पाखरं. बेचाळीस वर्षांच्या वाट्याला वाहून गेलेलं पाणी. या बाईच्या दुःखाला पत्ता होता. सकाळी उठून, स्वेटर चढवून, बादली घेऊन ती त्याच्याकडे जाऊ शकत होती. कुमुदिनीने कुठे जायचं होतं?

मत्सर मग लव राहिला नाही. तो वणव्यासारखा उठला, छातीतून गळ्याशी आला, आणि तिथे पोचताच त्याचे शब्द झाले.

"माझ्या यजमानांचाही आहे," ती म्हणाली. "दगड. पुण्यात."

ऋताने वळून पाहिलं.

"नदीकाठी. काळा दगड आहे. आमच्याकडचा दगड काळाच असतो." आणि एकदा फुटलेली फांदी पालवतच गेली. दगडावर नाव कोरलेलं आहे. शेजारी पारिजातक आहे, भाद्रपदात पहाटे सगळा दगड केशरी देठांनी झाकून जातो. दर शनिवारी कॉलेजातली मुलं गिटारी घेऊन येतात. पायरीवर बसून वाजवतात. कुणी उदबत्ती लावतं, कुणी नुसतं हात टेकवून जातं. मीही जाते, ती म्हणाली. रोज. आणि ते म्हणताना तिला तो काळा, ओला, सुगंधी दगड इतका स्वच्छ दिसला की तळहाताला त्याचा गारवा लागला.

डोरीन ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"श्रीरंग."

"श्री-रंग," डोरीनने ते जिभेवर जपून ठेवलं. हातातला ब्रश तिने बादलीत खळबळला, झटकला आणि कुमुदिनीपुढे धरला. "हा घेऊन जा. काळ्या दगडावर शेवाळ लवकर दिसतं. याचे केस मऊ आहेत, अक्षरं झिजत नाहीत. माझ्याकडे घरी दुसरा आहे."

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. कुमुदिनीने ब्रश घेतला.

गाडी निघाली. पुन्हा तोच रस्ता, तेच खुंटांचं रान, तेच पातळ, पिवळं, साक्षीदार ऊन. ब्रश मांडीवर होता. त्याचं पाणी नकाशावर उतरत होतं, आणि पेन्सिलीची वर्तुळं ओली होत होती.

"आई," ऋता म्हणाली, "कुठला दगड?"

कुमुदिनी खिडकीबाहेर पाहत होती. एक कोठार गेलं, एक पवनचक्की गेली, एक पांढरा घोडा गेला.

"तुझ्या बाबांना दगड नको होता का गं?" तिने विचारलं. ऋताने वेग कमी केला.

"गाडी वळव," कुमुदिनी म्हणाली.

ऊन तोवर कलंडलं होतं. डोरीन गुलाबी दगडाशी नव्हती. ती पलीकडच्या ओळीत, एका बुटक्या करड्या दगडापुढे, ओंजळीने पाणी मारत होती. त्या दगडापुढे फुलं नव्हती, पत्रं नव्हती. कार्ल, एवढं नाव आणि दोन सालं.

कुमुदिनी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. इस्त्रीचं इंग्रजी चुरगळलं होतं. "दगड नाही," ती म्हणाली. "पारिजातक नाही. मुलं नाहीत. आम्ही जाळतो आणि नदीत सोडतो. ते नदीत आहेत. मी खोटं बोलले, कारण मला तुमचा राग आला."

डोरीनने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, आणि ते बरं झालं. दया कुमुदिनीला सोसली नसती.

"हा माझा दुसरा नवरा," डोरीन म्हणाली. "एकेचाळीस वर्षं संसार केला आम्ही. दोन मुलं वाढवली. या टेकडीवर जिवंतपणी एकदाही चढला नाही. गावात लायलचं गाणं लागलं की उठून अंगणात जायचा, लाकडं फोडायचा. हिवाळ्याला पुरून उरतील एवढी लाकडं असायची आमच्याकडे." ती थांबली. "मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, असं म्हणायचा. आता दोघं एकाच टेकडीवर आहेत. आणि लोक कार्लच्या अंगावरून चालत लायलकडे जातात."

कुमुदिनीने त्या करड्या दगडाकडे पाहिलं. तिने न पाहिलेला तो माणूस, त्या थंड अंगणात कुऱ्हाड उचलणारा, एकेका घावाबरोबर एकेका सुराला तोडू पाहणारा. त्याला ती ओळखत होती. गेले चार दिवस ती तोच होती.

तिने पदर खोचला. गुडघे कुरकुरले, तरी ती खाली बसली, आणि त्या मऊ ब्रशने कार्लच्या नावातली माती काढू लागली. डोरीन पाणी घालत गेली, ती घासत गेली. सी, ए, आर, एल. परक्या माणसाची अक्षरं, कुणालाच नको असलेली अक्षरं, हळूहळू ओली, काळीभोर, स्पष्ट.

"तो काय गायचा?" डोरीनने विचारलं. "तुमचा श्रीरंग."

हॉटेलात तो लायलची गाणी गायचा. ते कुमुदिनीने सांगितलं नाही. तिला आठवलं ते दुसरंच: स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, पत्र्याचा डबा बडवत, त्याने रचलेलं गाणं. हॉटेलात कधी न गायलेलं, ऋताच्या जन्माआधीचं, फक्त तिला ठाऊक असलेलं. तिने कधी गायलं नव्हतं. तिचा आवाज म्हणजे भूगोलाच्या बाईंचा आवाज. तो खरखरला, अडखळला, मग तिने ब्रशच्या लाकडाने बादलीवर ताल धरला.

"लकडी पुलावर वारा गं,
पदर जरा तू सावर गं,
घंटी माझी वाजेना,
ब्रेक कुठेही लागेना!"

डोरीनला एक शब्द कळला नाही. पण ताल तिच्या जन्माचा होता. तिचा जाड, मातकट बूट गवतावर पडू लागला, आणि तिचे खांदे हलले, एकविसाव्या वर्षी हलत असतील तसे. ऋता ओकच्या झाडाखाली उभी होती. तिने हे गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. आपल्या बापाला सायकलवर बसलेला, बावीस-तेवीस वर्षांचा, ब्रेक नसलेला असा तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला तोंड फिरवावं लागलं.

कडवं संपलं. टेकडी पुन्हा शांत झाली.

"आई," ऋता जवळ आली. तिचा आवाज ओला होता. "पुढे? पुढचं काय आहे?"

पुढे होतं. पुढे पूल ओलांडल्यानंतरचं कडवं होतं, नदीकाठच्या अंधारातलं, हळू चालीतलं, ज्यात तिचं नाव होतं आणि नावापाशी तो थांबायचा. कुमुदिनीने लेकीकडे पाहिलं, मग डोरीनच्या उत्सुक, निळ्या, म्हाताऱ्या डोळ्यांकडे. पलीकडे गुलाबी दगड फुलांखाली उभा होता, सगळ्या जगाचा, येईल त्याचा.

"एवढंच आहे," ती म्हणाली.

हेही खोटंच होतं. पण हे बोलताना तिची मान खाली गेली नाही.

डोरीनने तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं आणि उरलेलं पाणी कार्लच्या दगडावर ओतून टाकलं. आभाळातून रानबदकांची रांग दक्षिणेकडे निघाली होती. खाली, आयोवाच्या अफाट, उघड्या, कापणी झालेल्या रानावर सांज उतरत होती. खुंटं विझली, रस्ता विझला, टेकडीवरचं एकेक नाव विझत गेलं. आणि त्या मावळत्या, मिटत्या उजेडात एक म्हातारी बाई ओठ घट्ट मिटून उभी होती, जसं कुणी वाऱ्यात दिवा घेऊन उभं राहतं, ओंजळ आड धरून, ज्योत आपल्याच छातीकडे वळवून.