लाल फुली

"ओठ नळीवर घट्ट मिट, छातीभर श्वास घे आणि फुंक. फुंक, फुंक, थांबू नकोस..." तपासणीच्या खोलीतल्या ताईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो.

मित्रांनो, मी श्वास मोजणारे एक जुने यंत्र आहे. नवीन होते तेव्हा माझे फार कौतुक झाले. मुलाने शेवटपर्यंत फुंकले की माझ्या पडद्यावरच्या मेणबत्त्या विझतात. दम मध्येच सुटला की लाल फुली उमटते. देवाने मला जीभ दिली नाही, ही फुली तेवढी दिली. तिची मला आज लाज वाटते.

जुन्या खोकल्याची एक मुलगी मामांबरोबर आली. मागच्या खेपेलाही माझी फुलीच घेऊन गेली होती. आज नीट फुंकले नाही, तर डॉक्टरांना औषध ठरवता येणार नव्हते. तिने सुरुवात छान केली. मग एकदम गुडघे जुळवले आणि थांबली. मी फुली दाखवली.

"घरी भांडताना बघा हिचा दम," मामा दारात नंबर लावून उभ्या असलेल्या माणसांकडे बघत म्हणाले. "इथे आली की फुगा फुटका."

सगळे हसले. मुलीचे कान लाल झाले. पुन्हा फुंकले, पुन्हा फुली.

ताई मात्र तिच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. "मामा, जरा बाहेर बसता का? दार ओढून घ्या." मग त्या हळूच म्हणाल्या, "जोर लावला की चड्डी ओली होते का गं?"

मुलीची मान वर होईना. "थोडीशी. खोकल्यावर पण. मामाला सांगू नका."

"आईला आणि डॉक्टरांना सांगू, त्यावर उपाय असतो. बाकी कुणाला कळणार नाही. खुर्ची ओली झालीच तर मी बघते. आधी लघवीला जाऊन ये, मग खुशाल फुंक."

ती जाऊन आली आणि तिने फुंकले. एकेक करत सगळ्या मेणबत्त्या विझल्या. तिने पडद्याकडे पाहिलेच नाही, खुर्चीकडे पाहिले. ताईंनी आपला स्वेटर तिच्या कमरेला बांधला. "जा, मामाला सांग, फुगा शाबूत आहे."

मित्रांनो, श्वास अपुरा पडला एवढेच मला कळते. का पडला, ते मला विचारता येत नाही. तुम्हाला येते. म्हणून हसण्याआधी दार लोटा आणि हळू आवाजात विचारा.

मुलगी गेल्यावर सफाईच्या मावशी दारात आल्या. "ताई, फडकं मारू का आत?"

"राहू द्या मावशी, आज मीच मारते," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलली.