दातेरी चाक

तिने लाकडी फळी दोन्ही हातांनी धरून चाचणीच्या हौदातली राखाडी माती या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट केली आणि ती बाहेर आली. माती कसली, खडक दळून केलेलं पीठच ते. चंद्रावरच्या मातीच्या जवळपास जाणारं. मास्क असूनही दाताखाली कचकच लागत होती.

हौदाच्या मधोमध 'घूस' उभी होती. कुत्र्याएवढी गाडी, पुढे माती उकरणारं दातेरी चाक. चंद्रावर वजन कमी भरतं, म्हणून छतापासून आलेली दोरी गाडीला अलगद वर ओढून धरत होती. ते चाक तिच्या नवऱ्याने घडवलं होतं. नवरा गेल्या महिन्यात रस्त्यावरच्या अपघातात गेला, आणि चाक ठेवायचं की बदलायचं ते आज ठरणार होतं.

"तुम्ही आज आला नसतात तरी चाललं असतं," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "कुणीतरी घेतली असती चाचणी."

"ते कसं चालतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

दाते मातीत रुतले. थोडी माती आत गेली. मग चाकाने जमीन अशी काही घट्ट धरली, की गाडीच मागून उचलली गेली. मागची चाकं हवेत गरागरा फिरत राहिली. तिने गाडी सरकवून पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

"माती जरा सैल करून बघू या का?" प्रमुखांनी हळूच विचारलं.

"तिकडे कोण सैल करून देणार आहे, सर?"

कुणी हसलं नाही.

"बदला," ती म्हणाली. शिंप्याला बाही आखूड करायला सांगावी, तशा आवाजात. आता काहीतरी होईल, छातीत कळ तरी येईल, म्हणून ती क्षणभर थांबली. काहीच झालं नाही. तिने हात धुतले, बस पकडली.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मुलाचं चाक चंद्रावर जाणार, हे त्यांनी साऱ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. दातांच्या डॉक्टरलासुद्धा, तोंड उघडं असताना.

"काय झालं गं?"

'अजून ठरायचंय' असं सांगायचं तिने बसमध्ये घोकलं होतं.

"नाही जाणार, आई. माती धरतं, पण गाडीलाच वर उचलतं."

सासूबाईंची बोटं थांबली. मग एक शेंग फुटली.

"जोर फार लावायचा तो. दप्तराचा एक बंद कधी टिकला नाही." पुढची शेंग उचलत त्यांनी विचारलं, "मग आता त्याचं काय करतात?"

"काढून ठेवतील फळीवर."

"घरी आण."

"ऑफिसचं आहे ते, आई."

"विचारून तर बघ. केवढं आहे?"

तिने दोन्ही हात पुढे करून दाखवलं. सासूबाईंनी त्या हातांमधल्या जागेकडे नीट पाहिलं. मग उठून त्यांनी खिडकीखालच्या स्टुलावरची रद्दी उचलली, पदराने स्टूल पुसलं.

"मावेल," त्या म्हणाल्या.

ती तशीच उभी होती. हात खाली घ्यायचे होते, पण ते घेता येईनात.