सारजाबाईची साक्ष

राजेश्वरी शेलार लोणावळ्यातल्या एका विधी महाविद्यालयात चौदा वर्षं साक्षीपुराव्याचा कायदा शिकवत होत्या. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या खटल्यांच्या वह्या तपासायचं कामही त्यांच्याकडेच होतं. प्रत्येकाने वडगावच्या कोर्टात जाऊन दोन खटल्यांच्या सुनावण्या बघायच्या आणि काय झालं ते वहीत लिहायचं. त्यांची एकच अट असे. वहीत माणसांची नावं लिहायची नाहीत. फिर्यादी, आरोपी, मयत, साक्षीदार क्रमांक एक, बस्स. "लोकांची दुःखं आपल्या मार्कांसाठी नसतात," असं त्या पहिल्याच तासाला सांगत.

फेब्रुवारीत बबिता ठोंबरेची वही त्यांच्या टेबलावर आली. बबिता कुरवंड्याच्या वरच्या ठाकरवाडीतली. त्या वाडीतून वकिलीला आलेली पहिलीच. पहिल्या वर्षी इंग्रजी निकालपत्राचं एक पानही तिला धड वाचता येत नसे. राजेश्वरीबाईंनी दर गुरुवारी तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं, एकेक वाक्य फोडून वाचायला शिकवलं, घरची पुस्तकं दिली. तिसऱ्या वर्षापर्यंत पोरगी वर्गात सगळ्यांच्या पुढे गेली होती. तिच्या वहीकडून बाईंची अपेक्षाही तशीच होती.

दुसरा खटला तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा होता. पोहण्याच्या तलावाची मोटर साफ करताना तिथे कामाला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा शॉक लागून गेला होता. आरोपी म्हणजे त्या भागातल्या बंगल्यांची देखभाल बघणारा माणूस. मोटरला अर्थिंग नव्हतं. मयताच्या आईने पोलिसांना जबाब दिला होता : मुलगा दोन दिवस आधी घरी आला तेव्हा म्हणाला, मोटर हाताला झटके देते, मी मालकांच्या माणसाला सांगितलंय, तो म्हणतो बघू नंतर. सगळा खटला या जबाबावर उभा होता. साक्षीला उभी राहिल्यावर मात्र ती बाई म्हणाली, असं मी काही सांगितलं नव्हतं. सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवून प्रश्न विचारले, तरी ती तेच म्हणत राहिली. आरोपी सुटला.

बबिताने हे सगळं नीट, तारीखवार लिहिलं होतं. राजेश्वरीबाईंनी वाचलं आणि खाली लाल पेनने शेरा मारला : 'मांडणी स्वच्छ. पण मुख्य साक्षीदार का फिरली यावर एक ओळही नाही. कारण शोधा. अपूर्ण.' तीसपैकी चौदा गुण दिले.

दुसऱ्या दिवशी बबिता वही घेऊन आली.

"मॅडम, कारण कोर्टाच्या कागदांत नाहीये."

"ते कागदात कधीच नसतं. आई आहे ती. पोटचा मुलगा गेलाय आणि ती आरोपीला वाचवते. तुला प्रश्न पडला नाही?"

"पडला."

"मग जाऊन विचार तिला. खटला संपलाय, आता विचारायला हरकत नाही. आठवड्याने वही परत दे, मी पुन्हा तपासते."

बबिताने वही मिटली. "खरंच विचारू?" तिने विचारलं.

"विचार," बाई म्हणाल्या आणि पुढची वही उघडली.

आठवडा गेला, दुसराही गेला. बबिता कॉलेजला आली नाही. फोन बंद. बाईंनी तिच्या शेजारी बसणाऱ्या प्रेरणाला बोलावून घेतलं.

"तिने खोली सोडली मॅडम. एका दिवसात. नंदाबाईंना काही सांगितलंसुद्धा नाही," प्रेरणा म्हणाली. नंदाबाई म्हणजे वलवणमधली म्हातारी. तिच्या मागच्या खोलीत बबिता तीन वर्षं राहत होती.

"पण का? काही झालं का घरी?"

प्रेरणाने मान खाली घातली. "मॅडम, तुम्हाला माहीतच नाही का? तुंगार्लीच्या केसमधला तो मुलगा तिचा भाऊ होता. लखन. तिने मला शपथ घातली होती, कुणाला सांगू नको म्हणून."

राजेश्वरीबाई तास घ्यायला निघाल्या होत्या. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. त्या दिवशी त्यांनी तास घेतलाच नाही.

रविवारी त्या कुरवंड्याला गेल्या. गावापर्यंत टमटम मिळाली, पुढे तासभर चढ. मार्चचं ऊन, वाटेवर झाडांचा पाचोळा. वाडीत सात-आठ घरं. पहिल्याच घरासमोर एक बाई अंगण सारवत होती. मॅडम कोण हे तिला सांगावं लागलं नाही. तिने हात धुतले, गोणपाट झटकून अंथरलं.

"बसा बाई. पोरगी पान्याला गेलीया," सारजाबाई म्हणाली. तिचा नवरा शिदू दारात बसला होता. त्याने नुसता नमस्कार केला.

"मावशी, मी माफी मागायला आले," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं. मीच तिला पाठवलं तुम्हाला विचारायला."

"तुमचं काय चुकलं? कवातरी इचारणारच व्हती." सारजाबाईने पदर डोक्यावर ओढला. "आमी पोलिसाला सांगितलं ते खरं व्हतं. लखन मला असंच बोललता. मोटर चावती म्हनला, आई. मीच म्हनलं, जपून कर. मीच म्हनलं."

मग तिने सगळं सांगितलं. लखनच्या दहाव्याला कैलास आला होता. हाच तो आरोपी. खाली मातीत बसून रडला. गेलेलं पोरगं काही माघारी येत न्हाई, म्हणाला, पण पोरीला शिकायचंय म्हणता, ती हितून रोज कशी उतरणार? लोणावळ्यात वलवणला माझ्या बायकोच्या मावशीची खोली रिकामी आहे. पोरगी वकील होईपर्यंत राहू दे तिथं. भाडं नको, काही नको. फक्त कोर्टात बोलावतील तेव्हा सांभाळून बोला.

"मी हो म्हनले," सारजाबाई म्हणाली. "ह्यो न्हाई म्हनत व्हता. मीच म्हनलं, एक गेलं, दुसरं तरी वर येऊ दे. बबितीला ठावं न्हवतं. ती म्होरं बसलीती कोर्टात, वही घिऊन. मी तिच्याकडं बघितलंबी न्हाई."

शिदूने तोंड फिरवलं.

बबिता दोन हंडे घेऊन आली. मॅडमना बघून तिने हंडे खाली ठेवले, पण जवळ आली नाही. राजेश्वरीबाई उठून तिच्यापाशी गेल्या.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, नावं लिहायची नाहीत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मला वाटलं, आई घाबरली असेल. तिथे उभं राहिलं की माणसं घाबरतात, तुम्हीच शिकवलंय. मी तेवढ्यावर सोडून दिलं होतं. तीन वर्षं मी त्या खोलीत झोपले, मॅडम. साक्षीपुराव्याचं पुस्तक तिथेच पाठ केलं."

बाईंनी एक हंडा उचलून घराच्या सावलीत ठेवला.

"आता काय करता येईल?" बबिताने विचारलं. वर्गात विचारायची तसंच.

राजेश्वरीबाईंना खोटं सांगता आलं असतं. त्यांनी खरं सांगितलं. अपिलाचा हक्क कुटुंबाला असतो. पण अपील उभं राहायचं तर आईने आता खरं बोलायला हवं. आणि ती खरं बोलली, तर आधी शपथेवर खोटं बोलली हे सिद्ध होतं. खटला तिच्यावरच होऊ शकतो. कैलास तरीही सुटेल कदाचित. दोनदा जबाब बदललेल्या बाईवर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही.

"म्हणजे काही नाही," बबिता म्हणाली.

"जवळजवळ काही नाही."

सारजाबाई उठून आली. "मी येते की कोर्टात. सांगते समदं. घालू दे आत मला."

"तू गप्प बस," बबिता म्हणाली. "तू आता काहीच बोलू नकोस."

निघताना राजेश्वरीबाईंनी तिला एवढंच विनवलं, की परीक्षेला ये. पुण्यात एक वसतिगृह आहे, मी बोलते तिथे. तोवर माझ्या घरी राहा. बबिताने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण चार दिवसांनी एक पिशवी घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली. महिनाभर ती त्यांच्याकडे राहिली. वेळेवर उठायची, भांडी घासायची, वाचत बसायची. त्या विषयावर दोघी एकदाही बोलल्या नाहीत.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक पुण्याचे एक वयस्क वकील होते. राजेश्वरीबाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. बबिताने वहीत एका अक्षराचाही बदल केला नव्हता. परीक्षकांनी वही बघण्याआधीच त्यांना सगळं सांगायचं बाईंनी ठरवलं होतं, पण सकाळी घरातून निघताना बबिता म्हणाली होती, "कृपा करून काही सांगू नका, मॅडम."

परीक्षकांनी पानं उलटली, खालचा लाल शेरा वाचला.

"साक्षीदार का फितूर झाली? तुमच्या मॅडमना उत्तर हवं होतं. मिळालं का?"

बबिता सरळ बसली होती. "रेकॉर्डवर कारण आलेलं नाही, सर."

"तुमचा अंदाज?"

"रेकॉर्डबाहेर जाऊन अंदाज करणं बरोबर नाही, सर."

परीक्षक खूश झाले. "हेच! मुलं लगेच गोष्टी रचायला लागतात. धमकी असेल, लालूच असेल. वकिलाने कागद सोडायचा नाही." ते राजेश्वरीबाईंकडे वळले. "मॅडम, तुमचा शेरा थोडा कडक झाला, नाही का? हा अपूर्ण शब्द काढा तुम्ही."

राजेश्वरीबाईंनी बबिताकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. बाईंनी पेन उघडलं आणि तो शब्द खोडला. तीसपैकी अठ्ठावीस. दोघांच्या सह्या लागत होत्या. त्यांनी आपली सही केली.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिला गाठलं. "बबिता, सनद घेणार ना?"

"मला नको होती," ती म्हणाली. "आई म्हणते, घे. नाही घेतलीस तर लखन मी फुकट घालवला, असं म्हणते." तिने पिशवी खांद्याला लावली. "म्हणजे घ्यायलाच लागेल."

तिने सनद घेतली. पिंपरीला एका वकिलाकडे ती काम करू लागली, तिकडेच चार मुलींबरोबर खोली घेऊन राहिली. वडगावच्या कोर्टात कधी गेली नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीत एका दुपारी शिपाई सांगत आला, कुणी बाई भेटायला आलीय. फाटकापाशी सारजाबाई उभी होती. चपलांवर धूळ, हातात काही नाही.

"पोरगी घरला येत न्हाई, बाई," ती म्हणाली. "दिवाळीला बी आली न्हाई. फोन केला तर उचलत न्हाई. बापाचा उचलती, माझा न्हाई. खाती-पिती का, एवढं तरी सांगा."

राजेश्वरीबाईंनी तिला आत आणून बसवलं, पाणी दिलं आणि आपल्या फोनवरून बबिताला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला बबिताने उचलला. "बोला मॅडम."

बाईंनी काही न बोलता फोन सारजाबाईच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडून बबिता दोनदा 'मॅडम, मॅडम' म्हणाली.

"म्या हाय," सारजाबाई म्हणाली. "जेवलीस का?"

पलीकडून फोन बंद झाला. सारजाबाईला ते कळलं नसावं, कारण फोन कानालाच धरून ती पुढे सांगत राहिली, की बापाचा गुडघा आता बरा हाय, आंब्याला यंदा मोहर लय आलाय, तू ये एकदा, मी काय इचारणार न्हाई.

राजेश्वरीबाईंनी तिला थांबवलं नाही.