फियाटमधला परका गिअरबॉक्स

नवरा गेल्यापासून कडावची छाया दुधाचा टेंपो स्वतःच कर्जतला नेत असे. पंक्चर काढण्यापासून क्लचप्लेट बदलण्यापर्यंत सगळं ती गरजेपोटी शिकली होती. त्यामुळे धाकट्या भावानं, कमलेशनं, वडिलांची जुनी फियाट खालापूरच्या आपल्या हॉटेलापुढे मांडायचं ठरवलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"बॉनेटवर कुंड्या ठेवीन, आत दिवे लावीन. लोकं थांबून फोटो काढतील," कमलेश म्हणाला.

"गाडी हाय ती. कुंड्या ठेवायला ओटा बांध."

"चालते का पण? बाबा गेल्यापासून गोठ्याच्या कडेला उभी हाय. गिअरच पडत नाय तिचा."

गाडी आईच्या, गोदूबाईच्या नावावर होती. दोघांचं ऐकून घेऊन ती म्हणाली, "दिवाळीला चालली तर छायाची. नाय चालली तर कमल्या, तू ने. आता माझं डोकं खाऊ नका."

छायानं कर्जतच्या गजा मिस्त्रीला बोलावलं. दोघांनी मिळून गिअरबॉक्स खाली उतरवला, उघडला. एक बेअरिंग फुटलं होतं आणि गिअर अलगद पडावा म्हणून असते ती पितळी रिंग झिजून गेली होती. छायानं मुंबईहून फियाटची रिंग मागवली, ती बसेना. दुसऱ्या दुकानातून आणली, तीही बसेना.

"ताई, हा गिअरबॉक्स कुठल्या गाडीचा तेच कळत नाय," गजानं हात पुसले. "पार्ट मागायचा तरी कुठल्या नावानं? सोडा नाद."

"नाद नाय हा. तू जा, मी बघते."

तिनं रॉकेल घेतलं आणि वर्षानुवर्षांचं काळं वंगण धुऊन काढलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बोटभर जाड लोखंडी प्लेट निघाली. तिला भोकांचे दोन घेर होते, एक इंजिनाच्या मापाचा, दुसरा गिअरबॉक्सच्या. कुणीतरी लेथवर मुद्दाम बनवून घेतलेली. छाया तिथंच उकिडवी बसून राहिली. त्या काळच्या फियाटला गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ असते आणि बाबांच्या गाडीला ती खाली, दोन सीटच्या मध्ये होती. लहानपणी विचारलं की बाबा हसून म्हणायचे, "आपली फियाट जरा वेगळी हाय."

"घाटात एकदा गिअरबॉक्स फुटला होता," आईला एवढंच आठवत होतं. "मग आठवडाभर तुझे बाबा खोपोलीत अडकून पडले. आले ते गाडी चालवतच."

छायानं सगळ्या बाजूंनी फोटो काढून जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकले. कुणी म्हणालं, जीपचा. पण त्या काळच्या जीपला पुढचे गिअर तीनच, याला चार. कुणी म्हणालं, अँबॅसिडरचा. जुन्या अँबॅसिडरची दांडीही स्टिअरिंगलाच. एकानं तर लिहिलं, भंगारात घाला. शेवटी खोपोलीच्या मालोजी नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते आणि त्यांच्या अंगणात स्टँडर्ड हेराल्ड नावाची एक जुनी मोटार होती.

"मला हेराल्डचा वाटतो. पण फोटोवरून सांगणार नाही. वरचं झाकण घेऊन या."

छायानं ते जड झाकण गोणपाटात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन एसटीनं खोपोली गाठली. मालोजींनी आपल्याकडचा हेराल्डचा जादा गिअरबॉक्स ओट्यावर काढून ठेवला होता. दोघांनी झाकण त्यावर अलगद टेकवलं. झाकणाच्या आतले, गिअर सरकवणारे काटे गिअरच्या खाचांत उतरले. मालोजींनी एकेक बोल्ट हातानंच फिरवला. एकही अडला नाही.

"हेराल्डच," ते म्हणाले. "तेव्हा सुट्या भागांची फार टंचाई असायची. तुमच्या वडिलांनी एखाद्या ठोकलेल्या गाडीचा काढून बसवला असणार. मूळ फियाटचा हवा असेल तर शोधून देतो. गाडी अस्सल होईल."

"नको काका. हाच राहील. मला फक्त रिंग आन बेअरिंग द्या."

घरी कमलेशला कळलं तसा तो हसत सुटला. "म्हणजे गाडी बनावट हाय. फियाट पण नाय धड."

"बाबांनी ती घाटात टाकून दिली नाय," छाया म्हणाली. तिनं हातातला पाना खाली ठेवला. "दुसऱ्या गाडीचं काळीज बसवून घरी आणली. त्याला तू बनावट म्हण. मी म्हणणार नाय."

रिंग बसली, बेअरिंगही बसलं. गजा मुकाट्यानं परत आला आणि दोघांनी गिअरबॉक्स वर चढवला.

वसुबारसेलाच कमलेश गाडी उचलून न्यायला क्रेन घेऊन दारात हजर झाला. गाडीचं तोंड गोठ्याकडे होतं, म्हणजे निघायचं तर उलटंच निघावं लागणार होतं. छायानं इंजिन चालू केलं, क्लच दाबला आणि दांडी सरकवली. घरघर झाली. तिनं पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा सरकवली. या वेळी गिअर पडला आणि फियाट धूर सोडत मागं येऊ लागली. क्रेन आडवी होती. छायानं हॉर्न दाबून धरला.

"अगं थांब, गाडीचा रंग खरवडंल," कमलेश ओरडला.

"मग काढ ती बाजूला."

आधी क्रेनवाला सरला, मग कमलेश. गोदूबाई पदर खोचत आली आणि पुढच्या सीटवर बसली.

"कुठं न्यायची?" छायानं विचारलं.

"पुढच्या कशेळ्यापर्यंत चल. उतरायची घाई नाय मला."