सात मिनिटांचं बोलणं, साडेतीनमध्ये

सुमेधा अबुधाबी सोडून कायमची पुण्याला निघाली, ती नवऱ्याच्या संमतीने. उपेंद्रने ती संमती सोमवारी सकाळी सहा वाजता, रुवैसच्या कंपनी बसमध्ये बसून दिली. आपण ती दिली, हे मात्र त्याला शुक्रवारी कळलं. आता बोला!

माणूस वाईट नव्हता हो. २००९च्या मंदीत दुबईची नोकरी गेली आणि अबुधाबीपासून दूर, रुवैसच्या रिफायनरीत दुसरी मिळाली. ‘दोनच वर्षं’ म्हणून सुमेधा छोट्या मिहिकाला घेऊन अबुधाबीत राहिली आणि हा आठवडाभर तिकडे. दोनाची तेरा झाली. प्लांटमध्ये मोबाइलला बंदी, संध्याकाळी गडी पेंगुळलेला. म्हणून सुमेधा व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवायची आणि हा ती बसमध्ये ऐकायचा.

पुढे त्या ॲपमध्ये दुप्पट वेगाने ऐकायची सोय आली. ती खास आपल्यासाठीच केली, असं उपेंद्रला वाटलं. बायको पाहुणे खोळंबलेत म्हणून आरती उरकावी तशी बोलू लागली. ऐकून झालं की हा खाली अंगठ्याचं चित्र टाकायचा. बायकोचं ऐकत नाही, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

सोमवारची नोट सात मिनिटांची होती. एसी गळतोय, वॉचमन यूनुस ‘इन्शाल्ला उद्या’ म्हणाला, म्हणजे हा महिना गेलाच. मिहिकाचा कॉलेजचा फॉर्म. चुलतसासूबाईंचा गुडघा. एकीकडे उपेंद्र मित्रांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवत होता. मध्येच आवाज थांबला. संपली वाटतं, म्हणून त्याने अंगठा टाकला आणि हेल्मेट घातलं.

शुक्रवारी दुपारी तो घरी आला, तर हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा. मिहिका काट्याला अडकवून एकेकीचं वजन करत होती.

“कुठे निघालात?”

“मी निघाले, पुण्याला,” सुमेधा म्हणाली. “शाळेतली नोकरी घेतली. सोमवारी सांगितलं की तुला.”

“मला?”

“अंगठा पाठवलास.”

“यू डिड, बाबा. आय सॉ इट,” मिहिकाने साक्ष दिली. “थर्टी पॉइंट फोर, आई. शूज काढावे लागतील.”

उपेंद्र सोफ्यावर बसला आणि ती नोट त्याने साध्या वेगाने लावली. सुमेधा मुळात किती सावकाश बोलते, हे तो विसरूनच गेला होता. एसी झाला, यूनुस झाला, गुडघा झाला. मग ती गप्प. मागे पाणी ठिबकत होतं. मग म्हणाली, “उपेंद्र, मिहिका जूनमध्ये पुण्याला जाईल. मग सोमवार ते शुक्रवार या घरात मी बोलू कुणाशी? तिथल्या शाळेत जागा आहे, गुरुवारी दुपारपर्यंत कळवायचंय. मला जावंसं वाटत नाहीये रे. तू ‘नको जाऊस’ म्हणालास, तर नाही जाणार. फक्त अंगठा पाठवू नकोस. फोन कर.”

उपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच बुटांसकट स्वयंपाकघरात गेला.

“नको जाऊस.”

“काल दुपारपर्यंत फोन हातात धरून बसले होते,” सुमेधा म्हणाली. “मग कळवलं त्यांना. खलास.”

“अगं, पण एवढी मोठी गोष्ट इतकी शेवटी कशाला ठेवायची?” तो म्हणाला. “पहिल्या मिनिटातच सांगायची ना!”

सुमेधाने गॅस बारीक केला.

“पहिलं मिनिट तू ऐकतोस, ते मला माहीत होतं.”