शनवारच्या गोदामाचं कुलूप

मी शनवारच्या गोदामाचं कुलूप बोलतोय. सध्या मुक्काम परभणीत, धुरपताबाईच्या घरी, दळणाच्या डब्यावर. अंग पितळेचं, वजन असं की लेकराच्या पायावर पडलो तर लेकरू आठवडाभर लंगडेल. आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. जन्मभर जळलो ते माझ्याच किल्लीवर.

आम्हा दोघांचा जन्म बसऱ्याचा. ते खजुराचं बंदर, तुर्कांच्या सुलतानाच्या राज्यातलं. दाऊद नावाच्या यहुदी कारागिरानं आम्हाला एकाच पितळेतून घडवलं आणि हस्केल शेठच्या गोदामावर मला लटकवलं. शेठही यहुदीच. त्या गल्लीत सराफ, कापडवाले, आगबोटीचे दलाल, सगळे त्यांचेच लोक. शुक्रवारी शेठ आधी खजुराच्या टोपल्या भरून आपल्यातल्या गरिबांच्या घरी धाडायचे, मग दिवस बुडायच्या आत मला लावायचे. गल्लीभर खटाखट कुलपं लागायची, ती शनिवारी दिवस बुडाल्यावरच उघडायची. आगबोट भोंगा वाजवून थकायची. कप्तान शिव्या द्यायचा, तर शेठ म्हणायचे, "बोट तुमची, शनिवार आमचा."

शनिवारी रस्त्यानं काही घेऊन जायचं नाही, खिशातसुद्धा नाही, असा त्यांचा नेम. मग किल्लीचं काय करायचं? दाऊदनं तिच्या टोकाला आकडा काढला आणि ती शेठच्या कमरपट्ट्यालाच जडवली. तिच्याशिवाय पट्टा बांधलाच जायचा नाही. म्हणजे ती ओझं नव्हे, अंगावरचा कपडाच झाली.

झालं. बाईसाहेब शेठच्या कमरेवर बसून प्रार्थनेला निघायच्या. मी दारावर, उन्हात, उंदरांची कुरकुर ऐकत. शनिवारी संध्याकाळी ती परत माझ्यात शिरली की मिरवायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं बारसं झालं, कोण कुणाशी अबोला धरून बसलं.

"आणि प्रार्थनेत गायले काय?" मी विचारायचो.

"दारावर लटकणाऱ्याला काय कळणार त्यातलं," ती म्हणायची.

एवढं बोलून बाहेर.

पुढं लढाई आली, बंदर उठलं. शेठचा लेक एलिया आम्हाला घेऊन बोटीनं मुंबईला आला, तिथून कापसाच्या धंद्यात परभणीला. इथं गोदाम घेतलं, मला लावलं. शनिवारी बंद.

हमालांचा मुकादम सटवाजी. त्यानं तीन शनिवार बघितलं आणि सोबतच्या बजरंगला म्हणाला, "शेठ मारुतीचा लय मोठा भक्त हाय गड्या. शनवारी कुलपाला हात लावीत न्हाई."

"मग आपून तेल वाहावं की," बजरंग म्हणाला.

दर शनिवारी माझ्यावर तेल पडायला लागलं. वर शेंदराचा टिळा, रुईची माळ. एलिया शेठनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा कपाळाला हात लावला. "सटवाजी, इसकी शादी लगाए क्या?" मग म्हणाला, "डालो, डालो. जंग नहीं लगता."

ते दिवस माझे. किल्ली मात्र गप्प. परभणीत यहुद्यांची दहा माणसं कुठली मिळायला, आणि दहा माणसांशिवाय त्यांची सगळी प्रार्थना होत नाही. शेठ खोलीत एकटाच पुटपुटायचा. तिला मिरवायला काही उरलं नाही. माझं अंग तेलानं चकाकायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

शेठनं देश सोडला तेव्हा पट्ट्यावरून किल्ली उसवली आणि आम्हा दोघांना सटवाजीच्या हातात दिलं. सटवाजीची सून धुरपताबाई. मी तिच्या दाराला लागलो आणि किल्ली गेली तिच्या करदोड्याला. पुन्हा कमरेवर. बाजार, बारशी, पोखर्णीची जत्रा, सगळं तिनंच बघितलं. शनिवारचं तेल तेवढं माझं होतं. धुरपताबाईचे गुडघे गेले आणि तेही बंद झालं.

परवा तिची सून राजेश्री नवं कुलूप घेऊन आली. भंगारवाल्या सूर्यभानला दारात थांबवून म्हणाली, "आत्याबाई, हे जुनं देऊन टाकू का?"

"दे. पण चावी न्हाई द्यायची. ती न्हाई तर माझी कंबर उघडी पडल्यावानी वाटती."

म्हणजे मी वितळायला जायचं आणि तिनं कमरेवर राहायचं.

सूर्यभान म्हणाला, "आजी, आधी उघडून तर दाखवा. चालू असलं तर कुणी हौशी घेईल."

धुरपताबाईनं किल्ली सोडली, माझ्यात घातली, फिरवली. मी दात आवळले. ना उघडलो, ना तिला सोडलं. सूर्यभाननं ओढली, राजेश्रीनं दारात पाय रोवून ओढली.

"आत्याबाई, चावीसकट कापून देऊ का?"

"कापती कशाला? शनवारी तेल घालते. सुटंल."

आज शुक्रवार. दिवस बुडायलाय. एवढ्या वर्षांत शुक्रवारचा दिवस बुडताना किल्ली माझ्या पोटात असल्याची ही पहिलीच वेळ. मघाशी मी विचारलं, "गायले काय?" ती म्हणाली, "शब्द गेले सगळे. चाल तेवढी आठवते." आणि हळूच गुणगुणायला लागली.

गुणगुणता गुणगुणता मधेच थांबते आणि विचारते, "म्हातारीच्या कमरेला आज काय बांधलंय रे?" मी दात आणखी आवळतो.

धुरपताबाई, तुझ्या सासऱ्यानं मला पहिलं तेल वाहिलं. इतकी वर्षं मी ते कधी नको म्हटलं नाही. उद्याचा एक शनवार, बाई, विसरून जा.