पान ११२, ओळ नववी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे थापाड्या म्हणतात, आणि हे नाव मीच ठेवलेलं. तो गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मालकांची गाडी चालवायचा. जेवायला बसला की सुरू. आज अख्खा घाट रिव्हर्समध्ये उतरलो, आज मालक मागच्या सीटवर ढसाढसा रडले. पंचवीस वर्षांपूर्वी एकदा म्हणाला, "ताई, आमच्या नव्या गेममध्ये म्हातारा नावाडी आहे ना, त्याचा आवाज माझा आहे." आम्ही पोट धरधरून हसलो. मी म्हणाले, "आणि होडीचा कुणाचा, तुझ्या बायकोचा?" तोही हसला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून त्याचं स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला भोक आणि हातात पाटी. इतका बोलका माणूस गप्प बसलेला बघवत नाही. मी रोज दुपारी त्याच्याकडे जाते आणि दोघांचं बोलणं एकटीच बोलते.

तो गेम, 'सातवा धक्का', आता फोनवर परत आलाय. भावाची आठ वर्षांची नात परवा सोफ्यावर आडवी पडून तो खेळत होती. होडी धक्क्याला लागली आणि फोनमधून आवाज आला, "या, बसा बसा. आधी छत्री मिटा."

माझा कप हातातच राहिला. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो हेच म्हणायचा, पाऊस असो नसो. तोच खर्ज, 'मिटा'वरचा तोच हेल. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला होता आणि स्वतःच्या छातीवर बोट ठोकत होता.

"आजोबा, हे तुम्ही?" नात किंचाळली. मग तिनं आजकालची पोरं करतात तेच केलं, ऑनलाइन ज्ञानकोश उघडला. एकेक शब्द लावत वाचलं, "नावाड्याचा आवाज कंपनीच्या मालकाचा आहे." पुढे कंसात तीनचा आकडा. तिनं मान वर केली. "आजोबा, थाप?"

तिनं काही कुजकटपणानं विचारलं नव्हतं. घरातून तिला जो शब्द मिळाला, तो तिनं वापरला. भावानं पाटीवर लिहिलं, 'माझाच', आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती "बरं" म्हणाली, मोठी माणसं लहान मुलांची समजूत काढताना म्हणतात तसं. त्यानं पाटी मांडीवर पालथी घातली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "थांब तू. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढून पोट भरलंय मी. या एका ओळीचं काय घेऊन बसलास?" मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापण्याआधी त्याची प्रुफं माझ्याकडे येतात, मी ती वाचते आणि लाल पेनानं चुका दुरुस्त करते. नात्यातल्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा मी तशाच वाचते, त्यामुळे मला कुणी फारशा पाठवत नाही.

हा ज्ञानकोश कुणीही दुरुस्त करू शकतं म्हणे. मी केला. अकरा मिनिटांत ओळ होती तशी परत. 'जागता पहारा' अशा नावाच्या कुणा संपादकानं लिहिलं होतं, 'स्रोत द्या.' मी लिहिलं, मी सख्खी बहीण आहे, भावाचा आवाज ओळखते. उत्तर आलं, 'आवाज ओळखणे हा स्रोत नाही. छापील पुरावा हवा.' शुद्धलेखन बिनचूक, विरामचिन्हं जागच्या जागी. भांडायला सुरुवात तरी कुठून करायची?

कंपनीला फोन लावला. मालक कधीच वारले होते, कंपनी विकली गेली होती. नव्या कंपनीतली मुलगी फार गोड बोलली. "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय, मॅडम." चार दिवसांत चार वेळा तिनं ते नोंदवून घेतलं.

मग डोक्यात आलं, त्या तीनच्या आकड्यामागचा त्यांचा छापील पुरावा तरी कोणता? खरं तर हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. लेखाच्या तळाशी एका पुस्तकाचं नाव होतं, गेम कंपन्यांच्या इतिहासाचं, पान ११२. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. मी तपासलेलं प्रत्येक पुस्तक माझ्या कपाटात असतं.

पान ११२, ओळ नववी. 'नावाड्याचा आवाज कंपनीच्या मालकाचा आहे.'

स्टूल घेऊन माळ्यावरचा गठ्ठा काढला. छपाई झाली की प्रुफं रद्दीत जायची, ती मी पाठकोऱ्या कागदांसाठी घरी आणायचे. एकशे बारावं पान सापडलं. पाठीमागे माझीच सामानाची यादी, साबण, पांढरा दोरा, बल्ब. पुढे नववी ओळ. 'नावाड्याचा आवाज कंपनीच्या चालकाचा आहे.' पहिल्या 'चा'वर लाल काट, आणि समासात माझ्या सुवाच्य अक्षरात 'मा'.

मला काहीही आठवेना. शंका आली तर प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. पण मला शंकाच आली नव्हती. गेममध्ये ड्रायव्हर कशाला आवाज देईल, मालकच असणार, टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं असणार. माझा सख्खा भाऊ त्याच कंपनीत चालक आहे, हे त्या क्षणी माझ्या मनातही आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी हसले असेन.

प्रुफाचा फोटो काढला आणि संपादकाला सगळं कळवलं, चूक कुणाची हेही. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'प्रूफ हे प्रकाशित साहित्य नाही. शिवाय त्यात "चालकाचा" हा शब्द खोडून "मालकाचा" केलेला स्पष्ट दिसतो. म्हणजे मुद्रितशोधकाने चूक वेळीच पकडली होती. यावरून सध्याची नोंद योग्यच ठरते. आपण संबंधितांच्या नातेवाईक असल्याने यापुढे या लेखात बदल करू नयेत. सहकार्याबद्दल आभार.'

मी ते तीनदा वाचलं. चूक काढायला जागा नव्हती. पुस्तकाचे लेखक हयात नाहीत, प्रकाशकाच्या जागेत गाद्यांचं दुकान आहे. सुधारित आवृत्ती मागायची कुणाकडे, गादीवाल्याकडे?

दुपारी कागद घेऊन भावाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं चष्मा पुसला, ती ओळ बराच वेळ वाचली आणि पाटीवर लिहिलं, 'म्हणजे त्यांनी लिहिलं होतं!'

"अरे, पण मी खोडलं ना ते," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. या माणसाला एकदा कुणीतरी खरं मानलं होतं, छापायला दिलं होतं, आणि तेवढंसुद्धा मी त्याला मिळू दिलं नाही.

त्यानं पाटी पुसली. 'तिला दाखव. लाल सांगू नको.' मग टाळी वाजवून नातीला बोलावलं आणि कागद तिच्यापुढे धरला. समासावर एक हात, आणि ओळीतल्या लाल काटेवर दुसऱ्या हाताचा अंगठा.

"...आवाज कंपनीच्या... आजोबा, अंगठा काढा ना." तो काढेना. तिनंच तो धरून बाजूला केला. "चालकाचा! म्हणजे तुम्ही!" मग ती वाकून बघायला लागली. "हे लाल कुणी केलं?"

भावाचा हात पाटीकडे गेला. त्याच्याआधी मी म्हणाले, "मी."

"का?"

"मला वाटलं, तो थाप मारतोय."

"मग आता नीट कर ना."

लाल पेन माझ्या पर्समध्ये असतंच. आमच्या कामात एक खूण आहे, चुकून खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. मी 'चालकाचा'खाली टिंबं दिली, एकेक, सावकाश. समासातला 'मा' खोडला. टिंबं एका रेषेत आली. भाऊ मान लांब करून बघत होता. नातीनं कागद दोन्ही हातांनी उचलला आणि शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर मारली.

"आत्याआजी, आता हा कुठे द्यायचा?"